एक यंगसू, पाच स्पेलिंगं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा करून झाली, रजिस्टरवर सह्या झाल्या आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. सचिवताईंची बारावीतली मुलगी कोपऱ्यात मोबाईलवर कोरियन मालिका बघत बसली होती. तिने मध्येच विचारलं, "ताई, या माणसाचं नाव खाली इंग्रजीत यंग-सू असं येतंय. यंग म्हणजे तरुण ना? पण हा तर आजोबा आहे!" सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "आणि दुसऱ्या मालिकेत हेच नाव वेगळ्या स्पेलिंगने येतं. खरं कुठलं?"

आम्ही म्हटलं, बघून सांगतो. एरवी असं म्हटलेलं राहून जातं. पण त्याच आठवड्यात त्याच गटातल्या एका ताईंचा कागद परत आला. त्यांचे मालक वारले, विम्याचे पैसे यायचे होते. पासबुकात ताईंच्या नावात एक 'आय' आणि आधार कार्डावर त्याच जागी दोन 'ई'. मराठीत नाव एकच, वेलांटीसुद्धा तीच. तरी "ही बाई तीच कशावरून?" असा प्रश्न आला आणि पैसे अडकले. तेव्हा आमच्या डोक्यात त्या कोरियन आजोबांचं नाव आणि या ताईंचं नाव शेजारी शेजारी येऊन बसलं. म्हणून आजच्या भागात त्या नावाची गोष्ट सांगतोय.

आधी मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. यंगसू या नावातल्या 'यंग'चा इंग्रजीतल्या तरुण असा अर्थ असलेल्या 'यंग'शी काहीही संबंध नाही. आवाज सारखा पडतो, म्हणून लिहिताना तो ओळखीचा इंग्रजी शब्द वापरला गेला, इतकंच. आपल्याकडे कुणी 'माया' नावाच्या बाईला इंग्रजीतल्या 'माय' या शब्दावरून 'माझी' समजावं, तसा हा प्रकार.

कोरियन माणसाचं नाव साधारण तीन अक्षरांचं असतं. पहिलं अक्षर आडनाव, पुढची दोन मिळून नाव. किम यंगसू म्हणजे आडनाव किम, नाव यंगसू. आडनावं तिथे फार थोडी आहेत. दक्षिण कोरियात दर पाच माणसांत साधारण एक किम असतो. त्यामुळे आडनावावरून माणूस ओळखू येत नाही, सगळा भार नावावर येतो.

आणि यंगसू हे नाव तरी काय कमी! १९४८ साली आणि पुन्हा १९५८ साली दक्षिण कोरियात जन्मलेल्या मुलग्यांत सगळ्यात जास्त ठेवलेलं नाव हेच होतं, असं तिथल्या सरकारी जन्मनोंदीवरून दिसतं. म्हणजे आपल्याकडे एका पिढीत जसे घरोघरी सुरेश आणि रमेश होते, तसे तिथे यंगसू. आता ती मुलं सत्तरीच्या आसपासची. मालिकेत आजोबांचं नाव यंगसू का, तर म्हणूनच. आजच्या कोरियन मुलाचं नाव मिनजुन वगैरे असतं. नाव ऐकून वयाचा अंदाज येतो, तो आपल्यासारखा तिथेही येतो.

आता अर्थ. इथे जरा नीट ऐका, कारण हे आपल्याकडच्या पद्धतीपेक्षा वेगळं आहे. आपण 'विजय' म्हटलं की अर्थ नावातच असतो, वेगळं विचारावं लागत नाही. कोरियन नावाचा अर्थ नुसत्या आवाजावरून सांगता येत नाही. कोरियात शेकडो वर्षं चिनी लिपीतल्या खुणा वापरल्या जात होत्या. त्या खुणांना तिथे हांजा म्हणतात. एकेका खुणेला एकेक अर्थ असतो, पण पुष्कळ खुणांचा कोरियन उच्चार एकच असतो. 'यंग' असा उच्चार असलेली एक खूण आहे, तिचा अर्थ कायमचं, लांब चालणारं. दुसरी एक आहे, तिचा अर्थ फुलाच्या पाकळ्या, आणि त्यावरून श्रेष्ठ, कर्तबगार. तिसरीचा अर्थ वैभव, भरभराट. 'सू'चंही तसंच. एक 'सू' म्हणजे दीर्घ आयुष्य. एक म्हणजे सगळ्यांत उठून दिसणारा. एका 'सू'चा अर्थ स्वतःला घडवणं, अभ्यासाने घासूनपुसून लख्ख करणं. आणखी एका 'सू'चा अर्थ पाणी.

आईबापांनी यातली कुठली जोडी निवडली यावर मुलाच्या नावाचा अर्थ ठरतो. एका घरचा यंगसू म्हणजे 'कायमचं दीर्घायुष्य', दुसऱ्या घरचा यंगसू म्हणजे 'कर्तबगार आणि उठून दिसणारा'. हाक एकच, अर्थ दोन. सरकारने नावासाठी मान्य केलेल्या हांजा खुणाच आठ हजारांहून जास्त आहेत, म्हणजे जोड्यांना तोटा नाही. म्हणून कुणी तुम्हाला मोबाईलवर दाखवलं, की 'यंगसूचा अर्थ अमुक', तर विचारा, कुठल्या यंगसूचा?

कोरियन माणसं हे एकमेकांना कसं सांगतात ते आम्हाला फार आवडलं. प्रत्येक खुणेला तिच्या अर्थासकट हाक मारायची पद्धत आहे. म्हणजे विचारलं, "तुमच्या नावातला सू कुठला?" तर उत्तर येतं, "आयुष्य-सू" किंवा "उठून-दिसणारा-सू". यंगचंही तसंच, "लांब-यंग" की "पाकळी-यंग". आपण फोनवर "कमळातला क" म्हणून सांगतो, तसंच हे, फक्त आपण आवाज पक्का करतो आणि ते अर्थ पक्का करतात.

त्या काळात हे नाव इतकं का चाललं याचं एक कारण सांगितलं जातं, ते दीर्घायुष्याच्या अर्थाचं. तेव्हा तिथे लहान मुलं फार दगावत. १९५० ते १९५३ युद्ध झालं, गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. अशा वेळी आईला मुलाकडून काय हवं असणार? आधी जगू दे. आपल्याकडे मूल जगत नसलं की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू ठेवायचे, कुणाची नजर लागू नये म्हणून. कोरियातही जुन्या काळी लहानपणी हाक मारायला 'कुत्र्याची विष्ठा' अशा अर्थाचं नाव ठेवत, कारण तेच, वाईट शक्तीने मुलाकडे बघू नये. एकीकडे दगडू आणि दुसरीकडे चिरंजीव, दोन्हींमागची भीती एकच.

हे पुरुषाचं नाव म्हणून आम्ही सांगतोय, पण अर्थ खुणेत असल्यामुळे ते कधी बाईचंही असतं. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या पत्नीचं नाव युक यंगसू होतं. त्यांच्या नावातला यंग 'पाकळी-यंग' आणि सू 'स्वतःला घडवण्याचा सू'. १९७४ साली एका समारंभात गोळीबारात त्या गेल्या. त्यांची मुलगी पार्क ग्युन-हे २०१३ साली देशाची पहिली स्त्री राष्ट्राध्यक्ष झाली. यात एक गोष्ट लक्षात आली का? नवरा पार्क, मुलगी पार्क, पण बाई शेवटपर्यंत युक. कोरियात लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. ती जन्मापासून मरेपर्यंत त्याच नावाने कागदावर राहते.

आमच्या एका बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हणजे तिकडच्या बायका सुखी म्हणायच्या." तसं नाही हो मावशी. आडनाव राहतं, कारण जुन्या समजुतीप्रमाणे ती सासरच्या घराण्याची कधी होतच नाही, आणि मुलं मात्र बापाच्या घराण्याची. कुटुंबाचा प्रमुख पुरुषच, अशी कायद्यातली पद्धत तिथे २००८ सालापर्यंत होती. आणि रोजच्या बोलण्यात तर तिचं नाव गायबच होतं. मुलाचं नाव यंगसू असेल तर शेजारीपाजारी तिला 'यंगसूची आई' म्हणूनच हाक मारतात. आता हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे गटाची नोंदणी करताना आम्ही नाव विचारतो, तर अजूनही कुणी ना कुणी आधी म्हणतेच, "लिहा, बाळूची आई."

नकोशा मुलींची नावंही तिथे होती. पुढचा मुलगा व्हावा म्हणून मुलीला 'हुनाम' नाव ठेवायचं, म्हणजे 'मागून मुलगा'. १९९२ साली तिथे टीव्हीवर एक मालिका गाजली, जुळ्या भावंडांची, त्यात मुलाचं नाव 'मौल्यवान मुलगा' आणि मुलीचं नाव हे हुनाम. आपल्या सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुशी नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, ते आठवत असेल. हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळा भाग करू. आज यंगसूकडे परत येऊ.

आता मुलीचा दुसरा प्रश्न, स्पेलिंगचा. हा समजायला आधी कोरियन लिपीबद्दल दोन शब्द. सेजोंग नावाच्या राजाने ही लिपी १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली. तिला हांगुल म्हणतात. मूळ अक्षरं आज २४ आहेत. ती बनवताना तोंडाचा विचार केला आहे. 'क'साठीची खूण घशाकडे वळलेल्या जिभेसारखी, 'म'ची खूण मिटलेल्या तोंडासारखी. आपल्या क-च-ट-त-प ची रांगही घशापासून ओठापर्यंत अशीच येते, म्हणून आपल्याला ही कल्पना पटकन कळते. चिनी खुणा शिकायला वर्षानुवर्षं जायची, ते श्रीमंत पुरुषांचं काम. हांगुल थोड्या दिवसांत यायची, म्हणून ती बायका शिकल्या. मोठ्या लोकांनी तिला हिणवून 'बायकांची अक्षरं' म्हटलं. आज अख्खा देश त्याच अक्षरांत लिहितो. ९ ऑक्टोबरला दक्षिण कोरियात या लिपीचा दिवस साजरा होतो, सुट्टी असते.

हांगुलमध्ये यंगसू एकाच प्रकारे लिहिता येतं. घोळ सुरू होतो तो इंग्रजी अक्षरांत आणताना. कारण 'यंग'मध्ये जो स्वर आहे त्यासाठी इंग्रजीत अक्षरच नाही. तो स्वर आपल्या 'अ' आणि 'ऑ' यांच्या मधला आहे. करून बघा: 'ऑ' म्हणायला तोंड उघडा आणि म्हणा 'अ'. जमलं? आपल्या देवनागरीत 'यंग' लिहिलं तर बरंच जवळ जातं. शेवटी 'ग' जोरात म्हणायचा नाही. आपल्या मुळाक्षरांत तो 'ङ' असतो बघा, शाळेत पाठ केला आणि 'वाङ्मय' सोडून कुठे भेटला नाही, तोच हा आवाज. तो बिचारा कोरियात मात्र पावलोपावली लागतो.

हा एकच स्वर इंग्रजीत किती रूपं घेतो ते तुमच्या घरातल्या वस्तूंवरूनच सांगतो. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या हातात सॅमसंगचा मोबाईल असेल. त्याचा अर्थ 'तीन तारे'. साम म्हणजे तीन, संग म्हणजे तारा. त्या 'संग'मधला स्वर हाच, आणि तिथे तो 'यू' या इंग्रजी अक्षराने लिहिलाय. दक्षिण कोरियाची राजधानी आपण सोल म्हणतो, तिचं खरं नाव सॉ-उल, तिथे हाच स्वर 'ई' आणि 'ओ' मिळून लिहिलाय. रस्त्यावर ह्युंदाई गाडी जाते, तिचा अर्थ 'आधुनिक काळ', तिच्या नावातही 'य'ला लागून हाच स्वर आहे, आणि तो तिथे नुसत्या 'वाय' आणि 'यू'ने लिहिलाय. एक स्वर, तीन वेष. ह्युंदाई स्थापन करणारे चुंग जू-यंग. त्यांच्या नावातला शेवटचा यंग म्हणजे आपल्या यंगसूमधलाच यंग, 'लांब-यंग'. पण ते लिहायचे वाय, यू, एन, जी.

मग यंगसू कसं कसं लिहिलं जातं बघा. पुष्कळ जण लिहितात वाय, ओ, यू, एन, जी, म्हणजे तो तरुणवाला यंग, आणि पुढे एस, ओ, ओ. काही जण यंग तसाच ठेवतात पण सू साठी नुसता एस, यू. सरकारी नियमाप्रमाणे वाय, ई, ओ, एन, जी आणि एस, यू. कुणी वाय, यू, एन, जी लिहितो. आणि जुन्या पुस्तकांत वाय, ओ, एन, जी, त्यातल्या 'ओ'वर चंद्रकोरीसारखी खूण. झाली पाच. मध्ये आडवी रेघ द्यायची की नाही, सू वेगळा लिहायचा की जोडून, हे धरलं तर आणखी वाढतील.

ही जुनी चंद्रकोरवाली पद्धत १९३९ साली मॅक्युन आणि रायशाउअर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी छापली. पद्धत विचारपूर्वक केलेली होती. साधा 'ओ' म्हणजे आपला ओ, आणि चंद्रकोर असलेला 'ओ' म्हणजे तो अ आणि ऑ मधला स्वर. पण टाइपरायटरवर चंद्रकोर नव्हती. पुढे कॉम्प्युटरवरही मिळायला कठीण. लोकांनी ती गाळून टाकली. आणि चंद्रकोर गाळली की यंग आणि योंग एकच दिसायला लागतात!

बातम्यांत उत्तर कोरियाच्या नेत्याचं नाव आपण किम जोंग उन असं ऐकतो. तो 'जोंग' खरा 'जंग'च्या जवळचा. आणि ज्या बीटीएस गाण्याच्या चमूसाठी आपल्या मुली वेड्या झाल्यात, त्यातला जंगकुक, त्याचा 'जंग'ही तोच आवाज. एकाचं स्पेलिंग 'ओ'ने, दुसऱ्याचं 'यू'ने. सचिवताईंच्या मुलीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

यंग आणि योंग एक झाले तर काय बिघडलं, असं वाटेल. बिघडतं, कारण कोरियात योंगसू हे वेगळं नाव आहे. वेगळा माणूस. एक उदाहरण सांगतो, आणि हे जरा थांबून ऐका.

ली योंगसू नावाच्या एक आजी आहेत. जन्म १९२८. तेव्हा कोरियावर जपानचं राज्य होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्याने हजारो मुलींना सैनिकांच्या छावण्यांत नेऊन त्यांच्यावर अत्याचार केले. योंगसू त्यातल्या एक, तेव्हा वय सोळाच्या आसपास. युद्ध संपल्यावर त्या घरी परतल्या आणि बरीच वर्षं गप्प राहिल्या. नव्वदच्या दशकात त्यांनी आपल्या नावानिशी, चेहऱ्यानिशी सांगायला सुरुवात केली. २००७ साली अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, आणि त्याच वर्षी तिथल्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने जपानने जबाबदारी मान्य करावी असा ठराव केला. ज्या बाईने आपल्या नावाने उभं राहायला आयुष्याची एवढी वर्षं घालवली, तिचं नाव एका 'यू'च्या फरकाने दुसऱ्याचं होऊन जावं, हे बरोबर नाही. म्हणून त्यांचं नाव आपण योंगसू असंच म्हणायचं, यंगसू नाही.

त्याच जपानी राज्यात १९४० साली एक फर्मान निघालं होतं, की कोरियन लोकांनी जपानी पद्धतीची नावं घ्यावीत. कागदावर ऐच्छिक होतं, पण ज्याने नाव बदललं नाही त्याच्या मुलाला शाळेत, त्याला नोकरीत अडचणी. काही महिन्यांत जवळपास ऐंशी टक्के घरांनी नावं नोंदवली. १९४५ ला जपानी गेले आणि लोकांनी आपापली नावं परत घेतली. नावाच्या बाबतीत कोरियन माणूस हळवा असतो तो उगाच नाही.

सन २००० मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने इंग्रजी अक्षरांत लिहायचा नवा नियम केला. चंद्रकोर काढून टाकली, त्या स्वरासाठी 'ई' आणि 'ओ' ही जोडी पक्की केली. पुसान शहराच्या पाट्या बदलून बुसान झाल्या, जसं आपल्याकडे पूनाचं पुणे आणि बॉम्बेचं मुंबई झालं. गावांच्या, रस्त्यांच्या बाबतीत नियम लागू. पण माणसांच्या नावाला सरकारने सूट दिली: जो जसं लिहीत आला तसं त्याने लिहावं. आम्हाला हे शहाणपणाचं वाटलं. कारण नियम कडक केला असता तर किमचं स्पेलिंग 'के'ऐवजी 'जी'ने सुरू झालं असतं, आणि एक कोटी किम लोकांचे जुने कागद एका रात्रीत चुकीचे ठरले असते!

आडनावांची तर आणखी गंमत आहे. ज्याला आपण 'ली' म्हणतो, त्याचा दक्षिण कोरियातला खरा उच्चार नुसता 'ई'. त्यात ल नाहीच. कुणी ली लिहितो, कुणी यी, कुणी री. पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री आणि आपल्या योंगसू आजी, दोघांचं आडनाव एकच. 'पार्क'मध्ये र नाही, उच्चार 'पाक'. इंग्रज माणूस पार्क म्हणताना र गिळतो, त्या हिशोबाने तो र घातला गेला, आणि आपण तो मन लावून उच्चारतो. हसू नका, आपलेही शिंदे ग्वाल्हेरला जाऊन सिंधिया झालेच की.

एक गोष्ट मात्र आहे. सूट दिली तरी पासपोर्टवर एकदा जे स्पेलिंग गेलं ते सहजासहजी बदलू देत नाहीत. कारण परदेशात माणसाची ओळख त्या अक्षरांवरच ठरते. घरात सगळे त्याला यंगसू म्हणोत, विमानतळावरच्या माणसाला आवाज ऐकू येत नाही, त्याला अक्षरं दिसतात. आणि नावाचे दोन भाग सुटे लिहिले तर परदेशी कार्यालय 'यंग'ला नाव आणि 'सू'ला मधलं नाव समजतं. मधलं नाव म्हणजे काय हे कोरियन माणसाला माहीतही नसतं. आपल्याकडे मधल्या जागी आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. अर्जातले तीन रकाने कुणीतरी तिसऱ्याच देशात ठरवलेत, आणि जगभरची माणसं त्यात आपलं नाव कोंबतायत.

आता आपल्या ताईंकडे येतो. त्यांच्या नावात 'आय' की दोन 'ई', हे त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं. पासबुक काढताना बँकेतल्या एकाने एक लिहिलं, आधारच्या वेळी मशीनवर बसलेल्या मुलाने दुसरं. दोन्ही वेळा ताई समोर उभ्या होत्या, दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांना वाटलं, इंग्रजी म्हणजे त्यांचं काम. खरं तर सू एका 'यू'ने लिहा की दोन 'ओ'ने, चूक कुठलंच नाही. तसंच ताईंचं. दोन्ही बरोबर, फक्त दोन ठिकाणी दोन.

आम्ही त्यांच्यासोबत बसून सगळे कागद काढले: आधार, पासबुक, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, गटाचं खातं, सातबारा. चार कागदांवर 'आय' होता. मग आधारवर दुरुस्ती करायची ठरली, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दोन्ही स्पेलिंगं एकाच व्यक्तीची, असं शपथपत्र करून विम्याच्या अर्जाला जोडलं. दुरुस्तीची पावती पिशवीत जपून ठेवलीय. अर्ज पुन्हा गेलाय, पैसे अजून आलेले नाहीत.

ज्यांचं लग्नानंतर नावच बदललंय, माहेरचं वेगळं आणि सासरचं वेगळं, त्यांचं काम शपथपत्रावर भागतंच असं नाही. काही ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला मागतात, काही ठिकाणी राजपत्रात नाव छापून आणायला सांगतात. तशा ताईंनी आधी आपल्या समूह संसाधन व्यक्तीला भेटा, एजंटाला पैसे देऊ नका.

या महिन्यापासून आम्ही आमच्या गटांच्या सभासद नोंदवहीत एक रकाना वाढवलाय. मराठी नावाखाली इंग्रजी स्पेलिंग, ते त्या ताईंनी स्वतः कागद बघून निवडलेलं, एकेक अक्षर सुटं. ज्यांना इंग्रजी अक्षरं येत नाहीत त्यांनी आपल्या स्पेलिंगची अक्षरं पाठ केलीत. परवा एका आजींनी आमच्यासमोर आपलं नाव घडाघडा म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं.

आणि सचिवताईंच्या मुलीला आम्ही सांगितलं, की तुझ्या मालिकेतले दोन्ही आजोबा यंगसूच, एक घरच्या सवयीने लिहिलेले, एक सरकारी नियमाने. त्यांच्या नावाचा अर्थ मात्र त्यांची हांजा दिसल्याशिवाय सांगता येणार नाही. ती म्हणाली, "मग वहीत मी मराठीतच लिहिते, यंगसू. ते तर बरोबर आहे ना?" आम्ही म्हटलं, बरोबर आहे, फक्त 'ग' हळू म्हण.